पुसलेले चौतीस प्रश्न

कोपऱ्यावरच्या हातगाडीवर अवरेकाईचा हिरवा ढीग दिसला की मी आधी घड्याळाकडे बघते. खरं तर तोंडाला पाणी सुटायला हवं. अवरेकाई म्हणजे आपला पावटाच, पण बंगळूरच्या थंडीत तो जो वास घेऊन येतो तो दुसरीकडे कुठे मिळत नाही. शेंगेवर काहीतरी चिकट, तेलकट असतं. सोलताना ते बोटांना लागतं आणि साबणाने दोनदा हात धुतले तरी संध्याकाळपर्यंत जात नाही. इथले लोक त्या वासाला सोगडू म्हणतात आणि त्यावरून शेंग पारखतात. भाजीवाली अक्का मूठभर शेंगा माझ्या नाकाशी धरते, मी मान डोलावते, आणि मला आठवते ती परीक्षा विभागाची लाकडी खिडकी, शिक्क्याची ओली शाई आणि चार वाजत आलेली एक दुपार.

यंदाही शेंगा आल्या आणि त्याच आठवड्यात हॉल तिकिटांचं वेळापत्रक लागलं. दोघांचं काय साटंलोटं आहे कोण जाणे, दरवर्षी बरोबरच येतात. सकाळी धुकं असतं, सोळा अंशांनाच गारठणारं हे गाव कानटोप्या घालून बसतं, कॉलेजच्या आवारात पोरं चहाचा कप दोन्ही हातांत धरून फाटक्या झेरॉक्सा वाचत उभी असतात. मी त्यांच्या शेजारून जाते तेव्हा ती गप्प होतात. एके काळी मला वाटायचं, हा आपला दरारा. आता वाटतं, त्यांना काहीतरी विचारायचं असेल आणि ते माझ्यासमोर विचारायचं नसेल.

मी एका अभियांत्रिकी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. दिवसा पोरासोरांना, आणि दोन संध्याकाळी व शनिवारी नोकरदारांना. हे नोकरदार म्हणजे डिप्लोमा करून कुठेतरी चिकटलेले आणि पदवीवाचून वर सरकता न येणारे लोक. ते कामावरून थेट येतात, डबा वर्गाबाहेरच्या कट्ट्यावर खातात आणि शेवटच्या बाकावर बसून जांभया दाबतात. आठवड्यात जेमतेम पाच तास वर्ग, बाकीचं आपलं आपण शिकायचं. त्यासाठी एक ऑनलाइन मंच होता. सगळे त्याला फोरमच म्हणत. ज्याला अडेल त्याने तिथे प्रश्न टाकायचा, ज्याला सुचेल त्याने खाली उत्तर लिहायचं, आणि मास्तरांनी शक्यतो बाजूला राहायचं. सत्रभरात निदान पंधरा नोंदी ज्याच्या नावावर असतील त्यालाच परीक्षेला बसता येईल, असा नियम होता.

बाजूला राहायचं, हेच मला जमत नव्हतं. मी जन्माची बोलघेवडी. माझे बाबा म्हणतात, हिला अर्धा प्रश्न विचारा, दीड उत्तर मिळेल. पहिल्या वर्षी मंचावर प्रश्न पडला की दहा मिनिटांत माझं उत्तर तयार असायचं, उदाहरणासकट, आकृतीसकट. मला मोठं भूषण वाटायचं त्याचं. सत्र संपता संपता लक्षात आलं की मंचावर आता फक्त प्रश्न आणि मी, असे दोघेच उरलो आहोत. कुणी कुणाला उत्तर देत नव्हतं, कुणी स्वतःशी झटत नव्हतं. नळ सोडल्यासारखे प्रश्न यायचे आणि मी बादल्या भरत बसायचे.

म्हणून पुढच्या वर्षी मी तोंडाला कुलूप घातलं. वर्गात जाहीर केलं की कुठल्याही प्रश्नावर दोन दिवस मी काही बोलणार नाही. तुम्ही आपसात झटापट करा, चुका, भांडा, मग मी येईन. मंचावर काही पडलं की त्याची एक प्रत सगळ्यांना मेलने जायची. ती आली की माझी बोटं शिवशिवायची, म्हणून मी माझ्यापुरती ती मेल बंदच करून टाकली. बुधवारी आणि शनिवारी मंच उघडायचा, एरवी तिकडे फिरकायचं नाही. या संयमाचं मला इतकं कौतुक होतं की मी ते स्टाफरूममध्ये चारचौघांना ऐकवलंही. आज ते आठवलं की कानशिलं गरम होतात.

त्या वर्गात सदाशिव होते. निपाणीकडचे, घरात मराठी, बाहेर कानडी, वय त्रेचाळीस. यशवंतपूरच्या एका कारखान्यात मालाची तपासणी करायचे. बोल्ट, नट, असल्या बारीक वस्तू मापून पास-नापास ठरवायचं काम. सकाळी सहाची पहिली पाळी असायची. अंगात बहुधा निळा गणवेश, खिशाला दोन पेनं, आणि बोलायच्या आधी उभं राहायची सवय. सहा वर्षांच्या नोंदणीतलं हे त्यांचं शेवटचं सत्र होतं. बाकी सगळे विषय सुटले होते, संख्याशास्त्र तेवढं दोनदा गेलं होतं. आता गेलं तर पदवीच गेली, सहा वर्षं पाण्यात. हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, कसलीही सवलत न मागता, नुसती माहिती म्हणून.

आणि तन्वी होती. पुण्याहून आलेली, चोविशीतली, सॉफ्टवेअर कंपनीत काम करणारी. हुशार, तापट, आणि अर्धं वाक्य इंग्रजीत पूर्ण करणारी. मेट्रोत उभ्या उभ्या फोनवर दोन-दोन परिच्छेदांची उत्तरं टाइप करायची. चिकपेटच्या बोगद्यात रेंज जाते म्हणून त्याच्या आत उत्तर पाठवून मोकळी व्हायची. मंचावर तिच्याइतकं कुणी लिहीत नव्हतं, निदान मला तसं वाटत होतं. मग हळूहळू तिच्या नोंदींचा आकडा वाढेनासा झाला. मी समजले, कंपनीत काम वाढलं असेल.

सदाशिवांच्या नावावर मात्र काहीच नव्हतं. बुधवारी बघावं तर शून्य, शनिवारी बघावं तर शून्य. दसऱ्यानंतर मी त्यांना एक मेल पाठवली, सगळ्यांना पाठवते तशीच कोरडी: मंचावर आपला सहभाग दिसत नाही, त्वरित सुधारणा करावी. त्यांचं उत्तर आलं, होय मॅडम, नक्की करतो. पुढच्या बुधवारी पुन्हा शून्य. वर्गात ते पहिल्या बाकावर बसून एकेक अक्षर टिपून घ्यायचे आणि मला मनातून राग यायचा. एवढं जिवावर बेतलेलं असताना माणूस चार ओळी लिहीत नाही म्हणजे काय? मी त्यांना बोलावून विचारायला हवं होतं. दोन मिनिटांचं काम होतं. पण मी गप्प राहण्याचं व्रत घेतलेलं, आणि मला ते नको तिथेही पाळायची हौस आली होती.

डिसेंबरातल्या एका शनिवारी तन्वी वर्ग सुटल्यावर माझ्या टेबलाशी आली. ती इतकी चिडली होती की बॅग खाली ठेवायचंही भान नव्हतं. तिचं म्हणणं, सदाशिव सर पहाटे प्रश्न टाकतात, ती जीव तोडून उत्तर लिहिते, आणि संध्याकाळी बघावं तर प्रश्नच गायब. प्रश्न काढला की त्याखालची उत्तरंही जातात, हे मला तेव्हा कळलं. "मॅम, मी अर्धा अर्धा तास टाइप करते. त्यांना आन्सर मिळालं की ते डिलीट. इट्स सो सेल्फिश. बाकीच्यांनी वाचू नये म्हणून करतात ते," ती म्हणाली. आणि मी, पन्नाशीला आलेली बाई, मान हलवून म्हणाले की तसंच दिसतंय खरं.

कुणाबद्दल वाईट विश्वास ठेवायला किती कमी वेळ लागतो. एवढ्या वर्षांत मी विद्यार्थ्यांना शिकवत आले की थोड्या पुराव्यावर अनुमान काढू नका, आकडे आधी नीट बघा, मोजणीत काय सुटलं ते तपासा. आणि स्वतः मात्र एका चिडलेल्या मुलीच्या तीन वाक्यांवर एका माणसाचा निकाल लावून मोकळी झाले. त्यानंतरच्या शुक्रवारी परीक्षेला बसू न द्यायच्या विद्यार्थ्यांची यादी माझ्याकडे आली. तीन नावं होती. दोघांनी कॉलेज केव्हाच सोडलं होतं. तिसरं सदाशिव. नोंदी: शून्य. मी सही केली. हात जराही अडखळला नाही, हे मला आजही सांगावंसं वाटत नाही, पण तसंच घडलं.

रविवारी दुपारी बाबा आणि मी अवरेकाई सोलत बसलो होतो. बाबा साताऱ्याहून तरुणपणी इथे आले आणि इथल्या एका सरकारी कारखान्यात यंत्रविभागात आयुष्य काढून निवृत्त झाले. आता अठ्ठ्याहत्तरीत त्यांची बोटं थरथरतात, पण भिजवलेला दाणा अंगठ्याने दाबून सालातून टपकन काढायचं कसब अजून शाबूत आहे. आई गेल्यापासून दर हिवाळ्यात हे काम आम्ही दोघं करतो. मी सदाशिवांची गोष्ट सांगत होते, म्हणजे खरं तर तक्रार करत होते. उत्तर मिळालं की प्रश्न पुसून टाकतो, असला आपमतलबी माणूस, वगैरे.

बाबांचा हात थांबला. त्यांनी विचारलं, कारखान्यात काय करतो म्हणालीस? तपासणी, मी म्हणाले. ते हसले, आणि मग त्यांनी मला लाल चिठ्ठीबद्दल सांगितलं. यंत्रात बिघाड दिसला की त्यावर लाल चिठ्ठी लटकवायची, खाली आपलं नाव. बिघाड दुरुस्त झाला की ज्याने लावली त्यानेच ती काढायची. पाळी संपताना साहेब फेरी मारतो, ज्याच्या नावाच्या चिठ्ठ्या लटकत राहिल्या तो ढिला माणूस. "अगं, काम झालं की चिठ्ठी काढतातच. काढली नाही तर बोलणी बसतात. तो बिचारा तुझ्या फोरमची सफाई करत असेल," बाबा म्हणाले.

माझ्या हातातला दाणा हातातच राहिला. मी हिशेब मांडू लागले. पहाटे पाचला प्रश्न, नऊच्या आत तन्वीचं उत्तर, संध्याकाळी चिठ्ठी काढलेली. मी बुधवारी आणि शनिवारी रात्रीची जेवणं उरकल्यावर मंच उघडणार, म्हणजे मला साफ केलेली भिंतच दिसणार. आणि सुधारणा करा म्हणून मी मेल पाठवल्यावर त्यांनी काय केलं असेल? आणखी अभ्यास, आणखी प्रश्न, आणखी सफाई. यादीवर माझी सही होती. हॉल तिकिटं सोमवारी दुपारी चारला बंद होणार होती. बाबांनी दोनदा विचारलं, काय झालं, आणि मी चिकट हातांनीच फोनवर यादी उघडून माझी सही बघत बसले.

सोमवारी साडेआठला मी विभागप्रमुखांच्या दाराशी उभी होते. सर मंड्याकडचे, शांत, सरळ, आणि नियमाला धरून चालणारे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, तुमची गोष्ट मला पटते, पण गोष्टीवर हॉल तिकीट देता येत नाही. मंचावर त्या नोंदी होत्या याचा लेखी पुरावा आणा, चारच्या आत. मी संगणक विभागाकडे धावले. तिथल्या माणसाने सांगितलं, पुसलेलं ते पुसलेलं, आमच्याकडे काही राहत नाही. मेलने प्रती जातात ना प्रत्येकाला, त्या बघा. तुमच्याकडे असतीलच.

माझ्याकडे नव्हत्या. वर्गातल्या प्रत्येकाचं एक वेळ चाललं असतं, पण जिच्याकडे असायलाच हव्या होत्या तिनेच त्या बंद केल्या होत्या, स्वतःचा संयम टिकवायला. मी वर्गाच्या ग्रुपवर संदेश टाकला. एकेक उत्तर येऊ लागलं: मी पहिल्याच आठवड्यात बंद केल्या, मी वाचून डिलीट करतो, माझा फोन बदलला. सदाशिवांना फोन लावला तर बंद, पाळीत असताना फोन आत न्यायला परवानगी नसते. तन्वीला लावला तर वाजून वाजून थांबला. बारा वाजले. स्टाफरूममध्ये डबे उघडले, कुणीतरी अवरेची उसळ आणली होती, मी माझा डबा न उघडताच पुन्हा तन्वीचा नंबर लावला.

दोनला पाळी सुटली आणि सदाशिवांचा फोन आला. मी त्यांना निघून या म्हणाले, कारण सांगितलं नाही. पावणेतीनला ते दारात उभे होते, गणवेशातच, बोटांना काळं तेल. त्यांना यादीबद्दल सांगायचं काम माझं होतं. सांगितलं. त्यांचा चेहरा बदलला नाही, फक्त दाराच्या चौकटीला त्यांनी हात टेकवला. मग पिशवीतून एक वही काढून माझ्यापुढे ठेवली. पानापानांवर प्रश्न, तारीख, आणि खाली कळलेलं उत्तर स्वतःच्या शब्दांत. चौतीस प्रश्न होते. मी विचारलं, मंचावरून का काढलेत?

"कळ्ळं की काढायचं नाही का ओ मॅडम?" ते म्हणाले. "तसंच ठेवलं तर दिसतंय की सगळ्यांना, ह्या माणसाला अजून येत न्हाई म्हणून. पोरं लहान हायत सगळी वर्गातली. माझं वय बघा की."

तर फक्त चिठ्ठी नव्हती ती. चिठ्ठीच्या मागे लाज होती. पहिल्या पानावरचा पहिला प्रश्न मी वाचला: सरासरी काढल्यावर आपण नक्की काय काढलं? त्याखाली दुसरा: फरकाचा वर्ग कशाला करायचा, नुसता फरक का चालत नाही? असले प्रश्न वर्गात कुणी विचारत नाही. विचारायला हवेत ते हेच, आणि सगळ्यांना ते येत असतात असं धरून आम्ही पुढे जातो. मला एकदम आठवलं की माझ्या विद्यार्थिदशेत मलाही यातला दुसरा प्रश्न पडला होता. तो मी कुणालाच विचारला नव्हता. नोकरी लागल्यावर एके दिवशी शिकवता शिकवता उत्तर सापडलं, तोवर नुसतं पाठ म्हणत होते.

सरांनी वही चाळली. "वही सरी," म्हणजे वही ठीक आहे, ते म्हणाले, "पण हे मंचावर होतं याला पुरावा?" तीन वाजून गेले होते.

तेवढ्यात तन्वीचा फोन आला. ती सुट्टीवर पुण्याला निघाली होती, विमानतळाच्या बसमध्ये होती. मी भराभर सांगितलं: चिठ्ठी, कारखाना, यादी, चार वाजता. सांगता सांगताच मला वाटलं, संपलं. हिच्याच उत्तरांवर पाणी पडलं होतं, हिचाच आकडा अडून राहिला होता, ही का धडपडेल? मग ती म्हणाली, "मॅम, मी मेल्स कधीच डिलीट करत नाही. माझ्या इनबॉक्सची आई रोज लाज काढते. थांबा, पाठवते."

पहिली मेल तीन वाजून बारा मिनिटांनी आली. मग दुसरी. मग चार एकदम. मग काहीच नाही. ती देवनहळ्ळीच्या दिशेने जात होती, आणि वाटेत कुठेतरी रेंज तुटत होती. आम्ही तिघं सरांच्या संगणकासमोर उभे. सहा नोंदी होत्या, पंधरा हव्या होत्या. सदाशिव पडद्याकडे बघतच नव्हते, ते खिडकीबाहेर बघत होते. तीन वाजून पंचवीस मिनिटं झाली आणि नऊ मेल लागोपाठ आल्या, मग आणखी सात. प्रत्येकीवर तारीख, पहाटेची वेळ आणि सदाशिवांचं नाव. त्याखाली तन्वीची ती लांबलचक उत्तरं, ज्यांच्यासाठी ती इतकी चिडली होती. शेवटी चौतीसच्या चौतीस आल्या.

सर वाचत बसले. मला ओरडावंसं वाटत होतं की वाचू नका हो, सही करा. पण ते एका प्रश्नावर थांबले. नमुन्यात पाच वस्तू असताना चारने भागतात, तो एक कुठे गेला? त्यांनी कानडीत सदाशिवांना विचारलं, गेला कुठे मग? सदाशिव सवयीने ताठ उभे राहिले आणि बोल्टवर आले. पाच बोल्टांची सरासरी एकदा ठरली की चार बोल्ट हवं ते माप सांगू शकतात, पाचव्याला स्वतःचं काही म्हणता येत नाही, त्याचं माप बाकीच्यांनी ठरवून टाकलेलं असतं. म्हणून नवी बातमी चारच देतात. वीस वर्षांत मला हे इतकं सरळ सांगता आलं नव्हतं. सरांनी पेन उचललं. माझ्या सहीवर काट मारून शेजारी त्यांनी स्वतःची सही केली.

खिडकीवर जयम्मा होत्या, परीक्षा विभागातल्या. चारला सात मिनिटं कमी होती आणि प्रिंटर कुरकुरत होता. त्या शांतपणे म्हणाल्या, "स्वल्प इरी." जरा थांबा. आम्ही थांबलो. कागद निघाला, त्यांनी शिक्का मारला, शाई ओली होती म्हणून सदाशिवांनी तो दोन बोटांत धरून हवेत फिरवला. मी त्यांची माफी मागितली, खिडकीच्या रांगेतच, सगळ्यांसमोर. ते म्हणाले, मॅडम, तुम्हाला तरी काय माहीत, मी पुसत होतो ते. त्यांनी मला एका वाक्यात सोडून दिलं, आणि सुटल्याचं मला बरं वाटलं नाही. मला माहीत नव्हतं, कारण मी बघायचं नाही असं ठरवलं होतं.

गप्प राहणं आणि पाठ फिरवणं यांतला फरक मी त्या हिवाळ्यात शिकले, आणि शिकण्याची किंमत दुसऱ्याच कुणालातरी पडणार होती. माणूस आपलं आपण शिकतो, हे खरंच आहे. पण त्याला कुणीतरी शिकताना बघत असावं लागतं. उत्तर नका देऊ, पण तिथे असा. बाबा दाणे सोलतात तेव्हा मी त्यांच्या थरथरत्या बोटांना मदत करत नाही, त्यांना ते आवडणार नाही. पण मी उठून दुसऱ्या खोलीतही जात नाही.

सदाशिव पास झाले. फार गुण नव्हते, काठावरून जरा वर. निकाल लागला त्या दिवशी ते पेढे घेऊन आले, तन्वीसाठी वेगळा पुडा होता. पदवी झाली म्हणजे मंचावरचं त्यांचं खातं आठवड्याभरात बंद होणार होतं. त्या आठवड्यात मला रोज पहाटे मेल येत होत्या, कारण माझ्या मेल मी पुन्हा सुरू केल्या होत्या. सदाशिवांनी वही समोर ठेवून चौतीसच्या चौतीस प्रश्न मंचावर पुन्हा लिहिले. पहिल्यापासून, क्रमाने, प्रत्येकाखाली पूर्ण नाव. मी फोन करून विचारलं की आता कशासाठी, गुण तर मिळाले. ते म्हणाले, पुढच्या वर्षी कुणीतरी येईल की, कामावरून दमून. त्याला वाटू नये आपल्यालाच तेवढं येत नाही. मी विचारलं, मग उत्तरं का नाही लिहिलीत? त्यावर ते हसले. उत्तर लिहून ठेवलं तर तो डोकं कशाला चालवेल, म्हणाले.

ते प्रश्न अजून तिथे आहेत. यंदाच्या वर्गात देवनहळ्ळीहून बसने येणारी एक बाई आहे, पंधरा वर्षांनी पुन्हा वही हातात घेतलेली. वर्गात मान वर करत नाही. सहा आठवडे तिच्या नावावर एकही नोंद नव्हती, आणि मी रोज बघत होते, काही न बोलता, जीव मुठीत धरून. काल सकाळी स्वयंपाकघरात शेंगा निवडताना फोन वाजला. हात चिकट होते, पदराला पुसून मेल उघडली. सदाशिवांच्या पहिल्या प्रश्नाखाली तिने लिहिलं होतं, "हे सर कोण आहेत मला माहीत नाही, पण त्यांना जे येत नव्हतं तेच मला येत नाही." आणि त्याखाली तिने स्वतःचा पहिला प्रश्न विचारला होता.